थेंबभर रक्त आणि ताटभर भात

कागद-पेन्सिल घ्या आणि एक छोटे गणित सोडवा. मोठ्या माणसाच्या शरीरात ढोबळमानाने ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला सुमारे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. तर साऱ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? उत्तर येते साडेचार ग्रॅम. म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा!

आता सकाळच्या नाश्त्याकडे वळू. एक बशी पोह्यांना साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात. त्यात सुमारे ४५ ग्रॅम पिष्ट असते आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक माळ. ही माळ तोंडात आणि आतड्यात तुटते व सुटे झालेले ग्लुकोज रक्तात उतरते. रक्तात एक चमचा साखर, आणि बाहेरून दोन तासांत येणार दहा चमचे! तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील साखर सहसा १४०च्या वर जात नाही. पोटामागे दडलेले स्वादुपिंड वेळेवर इन्सुलिन सोडते आणि त्याच्या सांगण्यावरून स्नायू, चरबी आणि यकृत येणारे ग्लुकोज भराभर उचलून घेतात. हे काम बिघडले की मधुमेह होतो.

बिघाड मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात; तेथे बाहेरून इन्सुलिन टोचण्याला पर्याय नाही. दुसरा प्रकार आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात इन्सुलिन असते, पण ते अपुरे पडते किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. अशा रुग्णांपैकी काहींची साखर आहार, चालणे आणि वजन यांवर लक्ष ठेवूनच आटोक्यात राहू शकते, निदान काही वर्षे तरी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता. तेव्हा तुमच्या घरात, नाही तर शेजारच्या घरात, कोणी आजोबा किंवा मावशी या यादीत असणारच. त्यांच्या कपाटात एक छोटे यंत्र आणि पट्ट्यांची डबी असेल. पुष्कळ घरांत त्या यंत्राचा आकडा वाचून दाखवण्याचे काम नातवंडांकडेच असते. म्हणून त्या यंत्राची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

मोरचुदाचा निळा रंग

मधुमेह्याच्या लघवीत गोडवा असतो, तिला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होते; 'मधुमेह' हे नावच त्यावरून पडले. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरांनी अशी लघवी आटवून तळाशी राहिलेली साखर दाखवली. पुढे १९०८ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी मोरचुदापासून एक द्रावण बनवले. परीक्षानळीत हे निळे द्रावण ५ मिलिलिटर घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी तापवायची. साखर नसेल तर निळा रंग तसाच राहतो. थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि फार असेल तर विटकरी रंग येतो. अनेक दशके जगभरचे मधुमेही घरच्या घरी हीच परीक्षा करीत.

परीक्षा स्वस्त आणि सोपी होती, पण तिच्यात एक मोठी खोट होती. आपली मूत्रपिंडे रक्त गाळताना त्यातील ग्लुकोज परत शोषून घेतात. रक्तातील साखर सुमारे १८०च्या वर गेली, की मगच ती त्यांच्या आवाक्याबाहेर जाऊन लघवीत उतरते. धरणाच्या सांडव्यासारखेच हे आहे. सांडव्यावरून पाणी वाहू लागले तर धरण भरले एवढे कळते; वाहत नसेल तर पाणी काठोकाठ आहे की तळ उघडा पडला आहे, हे कसे कळावे? साखर १७० असो वा ५०, नळीतला रंग निळाच! आणि ५० म्हणजे तर माणूस भोवळ येऊन पडण्याची वेळ. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी ही काही तासांपूर्वीची बातमी असते. या क्षणी रक्तात काय चालले आहे ते तिच्यावरून कळत नाही.

रक्ताचीच परीक्षा करायला हवी होती. पण त्यासाठी शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवावे लागे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एक आकडा हाती येई, तोही दुसऱ्या दिवशी.

येथे एक बुरशी मदतीला आली. अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी तुम्ही ओलसर भिंतीवर किंवा कांद्याच्या सालीवर पाहिली असेल. १९२८ साली डेटलेव्ह म्यूलर यांना तिच्यात एक विकर सापडले. ग्लुकोज ऑक्सिडेज त्याचे नाव. हे विकर मोठे चोखंदळ. रक्तात इतर शेकडो पदार्थ असले तरी ते नेमके ग्लुकोजच पकडते, त्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवते आणि या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मुळा-मोहरीच्या कुळातील एका झाडाच्या मुळापासून दुसरे एक विकर मिळते. त्याच्या मदतीने हे पेरॉक्साइड एका रंगहीन द्रव्याला निळा रंग आणते. ही सगळी सामग्री कागदाच्या पट्टीवर वाळवून ठेवली की झाले. १९६५च्या सुमारास अशी पट्टी बाजारात आली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, बरोबर एक मिनिट थांबायचे, पाण्याच्या धारेने रक्त धुऊन टाकायचे आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. डोळ्यांचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून पाठोपाठ एक यंत्र निघाले. ते पट्टीवर प्रकाश टाकी आणि परत किती प्रकाश येतो ते मोजी. रंग गडद असेल तर परावर्तन कमी, म्हणजेच साखर जास्त.

एका इंजिनियराचा हट्ट

हे यंत्र रुग्णालयांसाठी बनवले होते. रात्री बेशुद्ध अवस्थेत आणलेला माणूस दारू प्यालेला आहे की मधुमेही, हे प्रयोगशाळा बंद असतानाही कळावे, असा त्याचा एक उपयोग. रुग्णाने ते घरी न्यावे हे कोणाच्या डोक्यातही नव्हते.

ते एका माणसाच्या डोक्यात आले. रिचर्ड बर्नस्टाइन हे न्यूयॉर्कचे इंजिनियर. १९४६ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला होता. डॉक्टरांचे सारे सांगणे पाळूनही पस्तिशीपर्यंत त्यांच्या मूत्रपिंडांवर परिणाम दिसू लागला होता. १९६९ साली एका व्यावसायिक नियतकालिकात त्यांनी या यंत्राची जाहिरात पाहिली. वजन ३ पौंड, किंमत ६५० डॉलर. त्या काळी ही रक्कम भरभक्कम होती. पण रुग्णाला यंत्र विकतच नसत. त्यांच्या पत्नी मात्र डॉक्टर होत्या! त्यांच्या नावावर यंत्र मागवले गेले.

मग बर्नस्टाइन दिवसातून पाच ते आठ वेळा स्वतःचे बोट टोचू लागले. आकडे पाहून ते चकित झाले. एकाच दिवसात त्यांची साखर ४०च्या खाली जाई आणि ४००च्या वर चढे. महिन्यातून एकदा काढलेल्या रक्ताच्या अहवालात यातले काय दिसणार? येथे त्यांच्यातील इंजिनियर जागा झाला. एकाच वेळी सगळे बदलायचे नाही. आहारात किंवा इन्सुलिनच्या मात्रेत एकच बदल करायचा, काही दिवस मोजायचे, सुधारणा दिसली तर तो ठेवायचा, नाही तर सोडायचा. अशा रीतीने त्यांना आढळले, की त्यांच्या शरीरात १ ग्रॅम कर्बोदकाने साखर सुमारे ५ अंकांनी चढते. चौकस वाचक येथे हात वर करतील. आपल्या आरंभीच्या गणिताप्रमाणे ५ लिटर रक्तात १ ग्रॅम ग्लुकोज मिसळले तर दर १०० मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची भर पडायला हवी! पण ग्लुकोज फक्त रक्तात थांबत नाही. पेशींभोवतीच्या द्रवातही ते पसरते, आणि काही वापरलेही जाते.

या हिशेबावरून त्यांनी आपल्या आहारातील कर्बोदके फार कमी केली, इन्सुलिन दिवसभरात थोडे थोडे विभागून घेतले आणि साखर स्थिर केली. मूत्रपिंडांचा त्रासही मागे हटला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आपला अनुभव त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला. तो परत आला. रुग्णाचे कोण ऐकणार! तेव्हा हे गृहस्थ नोकरी सोडून, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले, डॉक्टर झाले आणि मधुमेह्यांवर उपचार करू लागले. २०२५ साली, नव्वदी गाठून, ते वारले. त्यांचा अतिशय कमी कर्बोदकांचा आहार सर्वांना मान्य नाही. त्यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. घरी साखर मोजण्याबद्दल मात्र वाद मिटत गेला. १९७८ साली लंडन आणि नॉटिंगहॅम येथील डॉक्टरांनी रुग्ण घरी नीट मोजू शकतात असे अनुभव प्रसिद्ध केले. १९९३ साली १,४४१ रुग्णांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर निरोगी पातळीच्या जवळ ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते, हे त्यातून सिद्ध झाले.

आजचे यंत्र तळहातावर मावते. पट्टीच्या टोकाशी एक अरुंद खाच असते. केशाकर्षणाने ती रक्त आपोआप आत ओढून घेते. एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी रक्त पुरते. आत विकर असतेच. पण आता रंग पाहायचा नसतो. विकराने ग्लुकोजकडून घेतलेले इलेक्ट्रॉन पट्टीवरील बारीक अग्रांकडे पोचवले जातात आणि यंत्र तो विद्युत्प्रवाह मोजते. प्रवाह जितका जास्त तितकी साखर जास्त. या तत्त्वावरचे पहिले पेनाएवढे यंत्र १९८७ साली आले. आता पाच सेकंदांत आकडा दिसतो.

आजोबांची वही

आकडा दिसतो, आणि घरात खटला सुरू होतो! समजा, आजोबांचा आकडा २०६ आला. "नक्की कोणी न पाहता लाडू खाल्ला असणार," असे एकजण म्हणतो. आजोबा रागावतात आणि दुसऱ्या दिवसापासून बोट टोचायलाच नकार देतात. हा आकडा म्हणजे परीक्षेतले गुण, अशी घरच्यांची समजूत असते. परंतु एकट्या आकड्यातून फारसे काही कळतच नाही. जेवणापूर्वी साखर किती होती? जेवणाला सुरुवात करून किती वेळ झाला? ताटात काय आणि किती होते? आजोबा नंतर चालले की झोपले? आदल्या रात्री झोप झाली होती का? ताप किंवा काळजी होती का? ताप आणि मानसिक ताण यांनीही साखर चढते, लाडवाला हात न लावता!

म्हणून त्यांना एक वही आखून द्या. जेवणाआधीचा आकडा, जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनंतरचा आकडा, ताटातले पदार्थ वाटीच्या मापाने, आणि शेरा. दोन आकड्यांतील फरक हा त्या ताटाचा परिणाम. आता खरी मौज सुरू होते. पुष्कळांना वाटते, भातानेच साखर चढते, भाकरीने नाही. पण १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि तेवढ्याच ज्वारीच्या पिठात सुमारे ७०. भाकरीत चोथा अधिक असल्याने ती पचायला अधिक वेळ घेते हे खरे, पण "भाकरी कितीही चालते" म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर वही लगेच चुगली करील. उपवासाच्या साबुदाण्याचे काय? तो जवळजवळ निव्वळ पिष्टच. एकादशीच्या दोन तासांनंतरचा आकडा पाहून कित्येक आजींचे डोळे उघडले आहेत.

बर्नस्टाइन यांचा नियम येथेही पाळावा: एका वेळी एकच बदल. एके दिवशी नेहमीसारखे जेवण. दुसऱ्या दिवशी तेच पदार्थ, तेवढेच, पण आधी कोशिंबीर आणि उसळ, भात शेवटी. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसासारखेच जेवण, पण नंतर पंधरा मिनिटे अंगणात फेऱ्या. हालचाल करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात, त्यामुळे फेऱ्यांचा परिणाम बहुधा दिसतो. पदार्थांच्या क्रमाचाही अनेकांत दिसतो. तुमच्या आजोबांत किती दिसेल, ते मात्र त्यांचीच वही सांगेल. शेजारच्या काकांची नव्हे.

पण थांबा. भौतिकशास्त्राच्या तासाला तुम्ही लघुतम माप शिकलात ना? या यंत्राचे लघुतम माप १ आहे, म्हणून त्याची अचूकताही १ आहे असे समजू नका. २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून अधिक साखर असताना शंभरातील निदान ९५ वाचने प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असली की यंत्र चालते. म्हणजे खरी साखर १६० असेल, तर यंत्र १३६ ते १८४ यांतील काहीही दाखवू शकते. काल १६० आणि आज १५२ म्हणून पेढे वाटण्याचे कारण नाही! प्रत्येक प्रयोग तीन-चार वेळा करून सरासरी काढा. शिवाय जेवणानंतर बोटाच्या केशवाहिन्यांतील साखर शिरेतील साखरेपेक्षा काहीशी जास्तच असते. त्यामुळे प्रयोगशाळेचा आणि घरचा आकडा जुळला नाही म्हणून यंत्राला लगेच खोटे ठरवू नये.

काही चुका मात्र टाळता येण्यासारख्या असतात. आंबा किंवा संत्रे सोलून तसेच बोट टोचले, तर बोटावरच्या रसातील साखर थेंबात मिसळते आणि आकडा भलताच फुगतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे. तेथे दुखते कमी. पट्ट्यांची डबी उघडी राहिली, तर दमट हवेने आतले विकर निकामी होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे फार संभवते. आणि एक गोष्ट बजावून सांगतो. आजोबांच्या सुईने गंमत म्हणून स्वतःचे किंवा मित्राचे बोट टोचून पाहू नका. रक्तावाटे पसरणारी कावीळ अशाच सामायिक सुयांनी पसरली आहे. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करावी. उघड्या कचऱ्यात टाकली तर ती कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागते.

इतके मोजल्याने साखर खरोखर उतरते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. दुसऱ्या प्रकारच्या, इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांवर इंग्लंडमध्ये केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधील दुसरा २०१७ साली. प्रत्येकी साडेचारशेच्या आसपास रुग्ण होते. काहींनी घरी नियमित मोजले, काहींनी नाही. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही! याचे नवल वाटायला नको. तापमापक लावल्याने ताप उतरत नाही. आकडा लिहायचा, मान हलवायची आणि ताट तेच ठेवायचे, तर बोट फुकट टोचले. पट्टी एकदाच वापरता येते आणि तिला पैसे पडतात. केवळ आहारावर असलेल्या माणसाने रोज चार वेळा मोजण्याची गरज बहुधा नसते. ताटाविषयी एखादा प्रश्न असेल तेव्हा दोन आठवडे नेटाने मोजावे, वही डॉक्टरांना दाखवावी आणि मग हात राखावा. आकडे पाहून गोळ्या कमी-जास्त करणे मात्र डॉक्टरांकडेच सोपवावे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची साखर ७०च्या खाली घसरू शकते. हातपाय थरथरणे, घाम, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसली, तर माणूस शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

अलीकडे दंडावर चिकटवायची, रुपयाच्या नाण्याएवढी चकतीही मिळते. तिची केसासारखी तार कातडीखाली राहते, दर काही मिनिटांनी साखर मोजते आणि आकडा मोबाइल फोनवर पाठवते. एका जेवणाची चढती-उतरती रेषाच डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु ही तार रक्तात नसून पेशींभोवतीच्या द्रवात असते आणि रक्तातील बदल तेथे पोचायला काही मिनिटे जातात. त्यामुळे साखर वेगाने घसरत असताना चकती थोडी मागेच राहते. अशा वेळी माणसाला थरथर सुटली असेल आणि फोन मात्र "सर्व ठीक" म्हणत असेल, तर हात धुऊन बोट टोचतात आणि थेंबाचा आकडा पाहतात.